लग्न लावणाऱ्याची कैफियत

चहा ओता आणि नीट बसून ऐका, कारण हे प्रकरण उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाही.

मी मेलबर्नला राहतो आणि लग्नं लावतो. मंत्र म्हणत नाही, होम पेटवत नाही. ते काम गुरुजींचं, आणि ते त्यांनीच करावं. माझं काम कायद्याचं. ऑस्ट्रेलियाच्या १९६१ च्या विवाह कायद्यात ठरवून दिलेली वाक्यं मी वधूवरांसमोर आणि दोन सज्ञान साक्षीदारांसमोर म्हणतो. मग ते दोघं एकमेकांचा स्वीकार करतात, तोही कायद्याने सांगितलेल्या शब्दांत. कागदांवर सह्या होतात आणि या देशाच्या लेखी ते नवरा-बायको होतात. इथे या कामाला सेलिब्रंट म्हणतात. सप्तपदी झाली, मंगळसूत्र घातलं, सूनमुख पाहिलं, विहीणबाई रुसून परत हसल्यासुद्धा, तरी माझी वाक्यं राहिली असतील तर सरकारदरबारी काहीही झालेलं नाही. इतकी जबाबदारी ज्याच्या शिरावर आहे त्याला दरवर्षी कसं वागवलं जातं, ते एकदा कोणीतरी सविस्तर सांगायला हवं होतं. कोणी सांगत नाही म्हणून मी सांगतो.

आधी या कामाचा मान समजून घ्या. १९७३ पर्यंत ऑस्ट्रेलियात लग्नाला दोनच वाटा होत्या. एक तर धर्मगुरूंकडे जा, नाहीतर सरकारी नोंदणी कार्यालयात. ज्यांना देवळात किंवा चर्चमध्ये जायचं नव्हतं, किंवा घटस्फोट झाल्यामुळे ज्यांना तिथे उभं करत नसत, त्यांना सरकारी टेबलासमोर उभं राहण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तेव्हाचे अ‍ॅटर्नी जनरल लायोनेल मर्फी यांना हे पटेना. या लोकांनाही थाटामाटात, मनासारखं लग्न करता यावं म्हणून १९ जुलै १९७३ रोजी त्यांनी लोइस डार्सी या बाईंना पहिली नागरी सेलिब्रंट म्हणून नेमलं. आज या देशातली दहापैकी आठ लग्नं नागरी सेलिब्रंट लावतात. बागेत लावतात, समुद्रकिनारी लावतात, द्राक्षमळ्यात लावतात. कायद्याने लग्नाला दिवसाचं, वेळेचं आणि जागेचं बंधन ठेवलेलं नाही. मर्फीसाहेबांबद्दल माझ्या मनात नितांत आदर आहे आणि पुढे मी जे बोलणार आहे त्यातलं एक अक्षरही त्यांना उद्देशून नाही.

या यादीत नाव सहज लागत नाही, आणि लागूही नये. आधी सर्टिफिकेट फोर इन सेलिब्रन्सी हा अभ्यासक्रम. मग अर्ज, आणि अर्जाची फी. ती २०१४ मध्ये लागू झाली तेव्हा ६०० डॉलर होती. मग तुम्ही त्या कामाला योग्य आणि लायक व्यक्ती आहात की नाही, याची छाननी. विवाहाचा कायदा तुम्हाला कळतो का, समाजात तुमचं नाव चांगलं आहे का, कुठल्या गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाली आहे का, हितसंबंधांचा घोळ आहे का, आणि जोडप्यांना समुपदेशनाच्या सोयींची माहिती देण्याची तुमची तयारी आहे का. हे सगळं विचारतात, आणि विचारलंच पाहिजे. उद्या कोणीही उठावं आणि लग्न लावावं, असं मलाही नको आहे.

तर एकदा योग्य आणि लायक ठरलो. कागदोपत्री ठरलो. माझी तक्रार त्यानंतरच्या वर्षापासून सुरू होते.

१ जुलै २०१४ पासून प्रत्येक नोंदणीकृत सेलिब्रंटला दर आर्थिक वर्षाला नोंदणी आकार भरावा लागतो. सुरू झाला तेव्हा तो २४० डॉलर होता. त्यापूर्वी दर पाच वर्षांनी कामाचा आढावा घ्यायची पद्धत होती. आढावा म्हणजे निदान कोणीतरी विचारपूस करत असे, काय केलंत, कसं केलंत. ती विचारपूस गेली आणि बिल आलं. वर्षाला शंभर लग्नं लावणारा आणि एकच लग्न लावणारा, दोघांना सारखंच बिल. मी प्रामुख्याने आपल्या लोकांची लग्नं लावतो. आपल्या लोकांची मुलं इथे जन्मली, शिकली, मोठी झाली आणि लग्नाचं नाव काढलं की करिअर म्हणतात. त्याचा भुर्दंड मला पडतो, हे कुठल्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

पण रकमेवर मी अडून बसलेलो नाही. तसा समज करून घेऊ नका. मी विचारतोय ते असं, की त्या पैशांच्या बदल्यात हातात काय येतं? भाजीवाल्याला पैसे दिले की मेथी मिळते. वीजमंडळाला दिले की दिवा लागतो. इथे पैसे भरल्यावर तुमची नोंदणी रद्द होत नाही. बस. काहीतरी वाईट घडणार होतं, ते घडत नाही. पैसे भरल्याची पावती येते, पण पावती हा काही परवाना नव्हे. या वर्षीही हा मनुष्य लग्न लावायला योग्य आहे, असं लिहिलेला, चालू वर्षाचा आकडा घातलेला, भिंतीवर लावता येईल किंवा प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून बरोबर नेता येईल असा कागद मला दरवर्षी मिळत नाही.

याने काय बिघडतं, असं आमची ही विचारते. काय बिघडतं ते ऐका. मागे एका लग्नात मुलीचे काका साताऱ्याहून आले होते. महसूल खात्यातून निवृत्त. अत्यंत सज्जन माणूस. मंडपात आल्या आल्या त्यांनी मला बाजूला घेतलं.

"साहेब, लग्न तुम्ही लावणार?"

"कायद्याचा भाग मी लावणार."

"मग चालू सालाचा दाखला दाखवता का जरा?"

मी त्यांना सांगितलं की सरकारने सेलिब्रंटांची यादी इंटरनेटवर ठेवलेली आहे आणि तिच्यात माझं नाव आहे. फोनवर काढूनही दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून फोन लांब धरून पाहिला आणि परत दिला.

"हे झालं मोबाइलवर. मोबाइलवर काय, काहीही दाखवता येतं. शिक्क्याचं काही नाही का?"

आता तुम्हीच सांगा, काकांचं काय चुकलं? ज्या माणसाने सारी हयात सातबारे तपासण्यात घालवली, त्याने पुतणीचं आयुष्य एका फोनच्या काचेवर सोपवायचं? पुढे सबंध लग्नभर ते माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते ती नजर मी विसरलेलो नाही. सह्यांच्या वेळी ते टेबलापाशी येऊन उभे राहिले आणि प्रत्येक कागद त्यांनी उलटून पाहिला. त्यांना विश्वास वाटावा असं माझ्याकडे काही नव्हतं, कारण मला ते कोणी दिलेलं नव्हतं.

आमच्या शेजाऱ्यांकडे एक म्हातारा लॅब्राडॉर आहे. आमच्या व्हिक्टोरिया राज्यात कुत्र्याची नोंदणीही दरवर्षी करावी लागते, १० एप्रिलच्या आत, नगरपालिकेत. त्याच्या गळ्यात नोंदणीचा बिल्ला आहे. तो फिरायला निघतो तेव्हा कोणालाही तो बघता येतो. त्या कुत्र्याबद्दल मला काहीही म्हणायचं नाही, स्वभावाने तो चांगला आहे. पण नोंदणी म्हणजे काय आणि ती झाल्याचं चारचौघांत दिसायला का हवं, हे जर नगरपालिकेला कळतं, तर लग्नासारख्या गंभीर बाबतीत ते का कळू नये?

आणखी ऐका. हा आकार सगळ्यांना नाही. ज्या धार्मिक संप्रदायांना सरकारी मान्यता आहे, त्यांचे धर्मगुरू राज्याच्या वेगळ्या यादीत असतात. तेही तीच लग्नं लावतात, त्याच कायद्याखाली, तितकीच पक्की. त्यांना हा वार्षिक आकार नाही आणि दरवर्षीचं सक्तीचं प्रशिक्षणही नाही. लग्नात बाकीचे कोण असतात बघा. फोटोग्राफर वधूला तासभर उन्हात उभं करतो, त्याला परवाना नाही. मेंदीवालीला नाही, ढोल-ताशावाल्यांना नाही. डीजे तर रात्री अकरापर्यंत घरच्या सगळ्या वडीलधाऱ्यांच्या कानांशी खेळतो, त्याच्या योग्यतेबद्दल आजवर कोणी चौकशी केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. सबंध समारंभात ज्याचं काम जेमतेम दहा-बारा मिनिटांचं, त्याच्यावर मात्र बाराही महिने नजर.

आता दिनदर्शिकेचा मुद्दा. हा मुद्दा मी पहिल्यांदा ज्याला सांगतो तो आधी गप्प बसतो आणि मग मान हलवतो. पैसे भरायचे आर्थिक वर्षाप्रमाणे, म्हणजे जुलैपासून जूनपर्यंत. प्रशिक्षण पुरं करायचं इंग्रजी वर्षाप्रमाणे, म्हणजे जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत. एकाच माणसाची एकच नोंदणी, आणि तिची दोन वर्षं. जुलैमध्ये मी पैशांच्या बाबतीत नवा असतो आणि प्रशिक्षणाच्या बाबतीत अर्धा जुना. जानेवारीत उलट. त्यात माझं काम तिसऱ्याच वर्षाने चालतं, कारण मुलीची आई पंचांग उघडून बसते आणि तिचं वर्ष पाडव्याला सुरू होतं. पुण्याच्या ज्योतिषांनी काढलेल्या मुहूर्तात साडेपाच तास मिळवायचे, हिवाळ्यात साडेचार, हे गणित वेगळंच. त्यावरून एका घरात दोन मामांमध्ये बोलणं बंद झालेलं मी पाहिलं आहे. पण पंचांगाला मी दोष देत नाही. पंचांग निदान एका वेळी एकच वर्ष सांगतं.

आणि प्रशिक्षणाची मुदत कधी संपते? ३१ डिसेंबरला. मेलबर्नमध्ये डिसेंबर म्हणजे उन्हाळा, म्हणजे लग्नसराई. ज्या दिवसांत माणूस खरोखरच लग्नं लावत असतो, नेमक्या त्या दिवसांत त्याने घरी बसून लग्न कसं लावावं हे शिकायचं. हे ज्याने ठरवलं त्याने आयुष्यात कधी मुलीचं लग्न काढलेलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रशिक्षणात शिकवतात काय? काही वर्षांपूर्वीपर्यंत वर्षाला पाच तास भरावे लागत. त्यात थोडा भाग कायद्याचा, सक्तीचा, आणि बाकीचा आपल्या आवडीचा. कायद्याचा भाग असावा, त्याबद्दल दुमत नाही. कायदा बदलतो. २०१७ च्या डिसेंबरमध्ये लग्नाची व्याख्याच बदलली. एक पुरुष आणि एक स्त्री जाऊन तिथे दोन व्यक्ती आल्या, आणि आम्हाला समारंभात म्हणायचं वाक्यही त्याप्रमाणे बदललं. ते मला सांगायलाच हवं होतं. ते सांगितलं, मी ऐकलं, आणि त्या दिवसापासून नवं वाक्य म्हणतो आहे. माझं म्हणणं इतकंच की जे बदललेलं नाही ते दरवर्षी पुन्हा का सांगता? लग्नाची नोटीस लग्नाच्या आधी किमान एक महिना आणि जास्तीत जास्त अठरा महिने द्यावी लागते, हे मला झोपेतून उठवून विचारा. साक्षीदार दोन हवेत आणि दोघांनी अठरा पूर्ण केलेली हवीत, हे आमच्या हिलाही पाठ आहे. समारंभानंतर चौदा दिवसांत कागद राज्याच्या जन्म-मृत्यू-विवाह नोंदणीकडे गेले पाहिजेत, हे तर आमच्या पोस्टमनलाही माहीत असावं, इतक्या वेळा त्याने माझी धावपळ पाहिली आहे.

आवडीच्या भागाबद्दल थोडंच सांगतो. एका खासगी संस्थेचा वर्ग मी पैसे भरून लावला होता. विषय होता समारंभात आवाजाचा वापर. वर्ग ऑनलाइन. बाई पहिली सात-आठ मिनिटं अतिशय तन्मयतेने बोलल्या आणि त्यांचा माइक बंद होता. आम्ही सगळे सेलिब्रंट, सभ्य माणसं, एकमेकांच्या चौकटींकडे बघत राहिलो. शेवटी बेंडिगोच्या एका गृहस्थांनी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून तो कॅमेऱ्यासमोर धरला. त्या वर्गाचे तास माझ्या खात्यावर पूर्ण जमा झाले. बाईंचेही झाले असतील.

आवाजावरून आठवलं. आम्हा सेलिब्रंटांना एक आचारसंहिता आहे, आणि ती पाळणं हा नोंदणी टिकवण्याचाच भाग आहे. तिच्यात लिहिलं आहे की समारंभ उपस्थित सर्वांना ऐकू गेला पाहिजे, गरज पडली तर ध्वनियंत्रणा लावून. वाचायला सुंदर आहे. आता मराठी लग्न डोळ्यांसमोर आणा. स्पीकरवर सनई चालू आहे. मंगलाष्टका संपून लोकांनी उरलेल्या अक्षता एकमेकांच्या डोक्यात टाकायला घेतल्या आहेत. शेवटचं 'सावधान' पडलं की या सभागृहातल्या प्रत्येक माणसाच्या मते लग्न संपलेलं असतं. तिथून पुढे ती माणसं पंगतीची असतात. मसालेभाताचा वास सुटलेला असतो, मठ्ठ्याची पिंपं सरकवल्याचे आवाज येत असतात, आणि अशा वेळी मी माइक हातात घेऊन म्हणतो की मी कायद्याने लग्न लावण्यास अधिकृत आहे आणि विवाह ही गंभीर आणि बंधनकारक गोष्ट आहे, याची मला तुम्हा दोघांना जाणीव करून द्यायची आहे. पहिल्या रांगेतले आजोबा वळून शेजाऱ्याला विचारतात, हा कोण? ऐकू जाण्याची जबाबदारी माझी. ऐकण्याची जबाबदारी कोणाची, याबद्दल आचारसंहिता गप्प आहे.

त्याच आचारसंहितेप्रमाणे एकाच दिवशी एकाहून जास्त लग्नं घेतली असतील, तर सेलिब्रंटने प्रत्येक समारंभाच्या ठरलेल्या वेळेच्या किमान वीस मिनिटं आधी हजर राहायचं असतं. मी एकच लग्न असलं तरी राहतो. कुठल्याही लग्नाला विचारा. सभागृहात मी असतो, खुर्च्या लावणारा मुलगा असतो आणि खुर्च्या असतात. गुरुजी वेस्ट गेट ब्रिजवर अडकलेले असतात. नवरदेव अजून फेट्यात असतो, म्हणजे फेटा अजून त्याच्यावर बसत नसतो. वधूची केशरचना, तिच्याच बहिणीच्या शब्दांत, 'आत्ता सुरू झाली'. मुहूर्त टळतो, मग दुसरा सापडतो, पंचांगात तेवढी सोय ठेवलेली असते. वेळेचं बंधन सबंध सभागृहात एकट्या माझ्यावर. बाकी कोणाचीही नोंदणी यावरून धोक्यात नाही. त्या वीस मिनिटांचे पुढे दोन तास होतात आणि त्या दोन तासांचं कुठेही काही जमा होत नाही. प्रशिक्षणाचे तास म्हणूनही ते धरत नाहीत.

आणखी एक कलम आहे. जोडप्याने आपल्या कामाबद्दल काही अभिप्राय दिला तर तो स्वीकारायचा आणि त्याचा उपयोग करून काम सुधारायचं. मी स्वीकारतो. फक्त मराठी लग्नात अभिप्राय जोडपं देत नाही. जोडप्याला त्या दिवशी आपलं नावही आठवत नसतं. अभिप्राय मामी देतात. 'इंग्रजी फार झालं', 'जरा हसत बोलला असतात तर', 'आमच्या सिडनीच्या भाचीच्या लग्नात ते गृहस्थ शेरवानीत होते'. मामी हा कायद्याच्या दृष्टीने पक्ष आहे की नाही, याचा कुठेही खुलासा नाही. मी जोखीम घेत नाही, मामींचंही लिहून ठेवतो.

आता जून २०२४ पासून आणखी एक नियम आला. लग्नापूर्वी सेलिब्रंटने वधूला आणि वराला प्रत्यक्ष आणि वेगवेगळं भेटायचं आणि दोघांची संमती मनापासूनची आहे, याची खात्री करून घ्यायची. हा नियम योग्य आहे. जबरदस्तीची लग्नं या देशातही होतात आणि एखादी मुलगी त्या पाच मिनिटांत धीर करून बोलली, तर त्या पाच मिनिटांसाठी मी कितीही वेळ थांबेन. यात मला गंमत करायची नाही. पण तो पाळताना माझ्यावर काय वेळ येते तेही तुम्हाला कळायला हवं. वधूला एकटीला भेटायचं आहे, असं मी तिच्या घरी सांगतो. आई म्हणते, हो हो, बोला ना, आणि शेजारी बसते. मी म्हणतो, एकटीलाच. आई म्हणते, मी काही बोलणार नाही. मी कायदा सांगतो. आई उठते, स्वयंपाकघरात जाते आणि दार उघडं ठेवून पोहे परतायला घेते. बाबा अंगणात जातात आणि खिडकीखाली तुळशीला पाणी घालतात. त्या तुळशीला त्या दिवशी जेवढं पाणी मिळतं तेवढं ऑस्ट्रेलियातल्या उन्हाळ्यात कुठल्याही झाडाला मिळत नाही. शेवटी मी मुलीला घेऊन गाडीत जाऊन बसतो आणि तिथे विचारतो. मुलगी हो म्हणते. घरात परत येईपर्यंत पुण्याच्या आजीचा फोन आलेला असतो, की तो माणूस पोरीला गाडीत बसवून काय विचारत होता?

हे सारं मी करतो. दोन अधिकृत कागद, वधूवरांना द्यायचं क्रमांक छापलेलं प्रमाणपत्र, प्रत्येक क्रमांक कोणाला दिला याची नोंद, लग्नाला कायदेशीर अडथळा नसल्याच्या घोषणेवर दोघांच्या सह्या, आणि हे सगळं हळदीच्या बोटांपासून वाचवायचं. हळद हा या देशातल्या कुठल्याही प्रशिक्षणात न येणारा विषय आहे. हळदीचा ठसा उमटलेला कागद घेऊन मी सरकारी नोंदणीकडे कुठल्या तोंडाने जाऊ? म्हणून मी स्वतःच्या खर्चाने ओले रुमाल आणि शाईचं काळं पेन बाळगतो. त्याची भरपाई मी आजवर मागितलेली नाही.

आता सर्वांत गंभीर भाग. समजा, मुदतीत पैसे भरायचे राहिले. मग नोंदणी जाते, आणि पुन्हा यादीत यायचं तर पहिल्यापासून अर्ज, पहिल्यापासून फी, पहिल्यापासून योग्य आणि लायक. आणि नोंदणी नसताना लग्न लावलं तर तो गुन्हा. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. पण त्याच लग्नाचं काय होतं, ठाऊक आहे? जोडप्यातल्या एकाचा जरी असा समज असेल की हा माणूस अधिकृत आहे, तर तेवढ्या कारणावरून ते लग्न अवैध ठरत नाही. जोडप्याला वाचवलं, ते उत्तम केलं, त्यांचा काय दोष? पण चित्र डोळ्यांसमोर आणा. मी लावलेलं लग्न पक्कं. माझे शब्द पक्के. नवरा-बायको महाबळेश्वरला, म्हणजे इथल्या भाषेत टास्मानियाला. मी आत.

पुण्यातल्या माझ्या चुलतभावाला हे सांगितलं तर तो म्हणाला, आपल्याकडे असलं काही नाही. खरंच नाही. महाराष्ट्रात १९९८ चा विवाह नोंदणीचा कायदा आहे. त्यात लग्न झाल्यावर नमुना ड भरायचा, तीन साक्षीदार आणायचे आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींचाही तपशील आणि सही त्यावर घ्यायची. गुरुजी सही करतात आणि पुढच्या कार्याला जातात. त्यांना कोणी जुलैमध्ये बिल पाठवत नाही. वीस मिनिटं आधी या, असं त्यांना सांगण्याची तर आजवर कोणाची प्राज्ञा झालेली नाही. ज्ञानप्रबोधिनीने पौरोहित्याचे वर्ग काढले, त्यातून स्त्रियाही पुरोहित झाल्या, सर्व जातींचे लोक झाले, लोकांनी त्यांना मानाने बोलावलं. शिकले, कामाला लागले. शिकलेलं दरवर्षी परत शिका, असं त्यांना कोणी बिल लावून सांगितल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

आमची ही म्हणते, दर जुलैला एवढं बोलता त्यापेक्षा पैसे भरून मोकळे व्हा. मी भरतोच. पहिल्याच आठवड्यात भरतो. भरणारा माणूसच हे बोलू शकतो, असं माझं तिला उत्तर आहे.

तर आता मी सरकारला पत्र लिहिलं आहे. भाषा सौम्य ठेवली आहे. लग्नांच्या संख्येप्रमाणे आकार असावा, अशी विनंती केली आहे. पैशांचं आणि प्रशिक्षणाचं वर्ष एक करा, आणि ते कुठलंही करा पण डिसेंबरात संपवू नका, असं लिहिलं आहे. वीस मिनिटांच्या कलमात 'सेलिब्रंट' या शब्दापुढे 'व वर' एवढी दुरुस्ती सुचवली आहे. वधूला सवलत ठेवली आहे, व्यवहार पाहायला हवा. आणि पहिली मागणी अर्थातच कागदाची. त्याचा नमुना मी स्वतः तयार करून जोडला आहे. ए-फोर, आडवा, कडेला बारीक निळी चौकट, मधोमध नाव, उजवीकडे खाली सही आणि डावीकडे गोल शिक्क्यासाठी जागा. वर्षाचा रकाना मोकळा सोडला आहे, म्हणजे त्यांना दरवर्षी फक्त आकडा घालायचं काम. एक प्रत साताऱ्याला काकांनाही पाठवली होती. शिक्का जरा मोठा हवा, एवढंच त्यांचं म्हणणं आलं. केला मोठा.

पत्राखाली पाठिंब्याच्या सह्यांसाठी एक पान जोडलं आहे. ते हे. तुम्ही सेलिब्रंट नसलात तरी साक्षीदार म्हणून सही चालेल, फक्त वय अठरा पूर्ण हवं. पेन काळंच वापरा, आणि आधी हात पुसा, भज्यांचं तेल लागलंय.